दोनशे रुपयांचे पाच तारे
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मुख्य आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली.



पत्र तक्रारीचं आहे, पण आधी कबुली देते. 2024 च्या दिवाळीत एका ऑनलाइन दुकानावर मी एका मिक्सरला पाच स्टार दिले आणि त्याचे दोनशे रुपये घेतले. रिव्ह्यू खोटा होता आणि मी खरी होते. या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

आमचा जुना मिक्सर 22 जुलै 2021 च्या पुरात बुडाला होता. त्या दिवशी चिपळुणात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना ठाऊक आहे, पाणी ओसरल्यावर पुढचे कितीतरी दिवस फक्त गाळ काढायचा असतो. मिक्सर धुतला, आठवडाभर उन्हात ठेवला, बाजारातल्या माणसाकडून वाइंडिंग नवं करून घेतलं. तो बापडा आणखी तीन वर्षं चालला. शेवटी ऐन फराळाच्या तोंडावर त्याने मान टाकली. बाजारात गर्दी, मुलगा म्हणाला, "आई, ऑनलाइन सेल चालू आहे, बघ ना." मी बघितलं. चार पूर्णांक चार स्टार, अकरा हजारांवर रेटिंग. अकरा हजार माणसं कशी चुकतील? मागवला.

खोकं उघडलं तर भांड्यांच्या खाली पोस्टकार्डाएवढं एक जाड, गुळगुळीत कार्ड. वर पाच सोनेरी तारे आणि क्यूआर कोड. मजकूर असा की पाच स्टार द्या, फोटोसह रिव्ह्यू लिहा, त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, दोनशे रुपये थेट खात्यात. खाली बारीक अक्षरात: काही अडचण असेल तर कमी स्टार देण्याआधी आमच्याशी बोला. मिक्सर तोवर एकदाच चालवला होता, तोही रिकामा. मी लिहिलं: "खूपच छान मिक्सर. घरातले सगळे खूश. सासूबाईंना तर फारच आवडला. पैसा वसूल." सासूबाई तेव्हा नणंदेकडे डोंबिवलीला होत्या. त्यांनी मिक्सर पाहिलाही नव्हता.

दहा मिनिटांत दोनशे रुपये आले. इतक्या तत्परतेने मला कुणीच कधी पैसे दिलेले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगते. फेब्रुवारीत कपलर झिजला आणि भांडं नीट बसेना. एप्रिलमध्ये ओल्या खोबऱ्याचं वाटण करताना जळका वास आला आणि मिक्सर बंद. दुरुस्तीवाल्याने खोलून दाखवलं, "काकू, वाइंडिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तांब्याचं असतं तर चाललं असतं. हे भरण्यात अर्थ नाही." सर्व्हिस सेंटर चिपळुणात नाही. हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण समोरच्या वहिनींनी डिसेंबरात तोच मिक्सर मागवला होता, आणि मागवण्याआधी फोन माझ्यापुढे धरून कौतुकाने म्हणाल्या होत्या, "तुमचा रिव्ह्यू तिसऱ्या नंबरवर आहे!" त्यांचा मे महिन्यात जळला. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर हे पत्र कदाचित लिहिलं नसतं.

नंतर मी आपले नियम काढून वाचले. शिक्षिका होते, निवृत्त झाले तरी वाचायची खोड गेलेली नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की विक्रेत्याने ग्राहक असल्याचं सोंग घेऊन रिव्ह्यू टाकायचा नाही. चांगला नियम आहे. पण त्यात जो चोर डोळ्यांसमोर ठेवला आहे तो वेषांतर करून येतो. माझ्याकडे आलेल्या चोराने वेष बदलला नव्हता, त्याने मलाच कामाला लावलं. मी खरी ग्राहक, माझं बिल खरं, माझा पत्ता खरा. माझ्या रिव्ह्यूवर 'व्हेरिफाइड पर्चेस' असा शिक्का आहे, तोही खरा. त्या शिक्क्यातून एवढंच कळतं की बाईने वस्तू विकत घेतली. बाईलाही कुणी विकत घेतलं, हे कळत नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने भारतीय मानक ब्युरोचं आयएस 19000:2022 हे मानक जाहीर केलं. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत, कसे छापावेत, याचं ते मानक. विकत घेतलेले रिव्ह्यू छापायचे नाहीत, हेही त्यात आहे. लिहिणाऱ्याची ओळख पटवण्याचे मार्ग दिले आहेत: ईमेल, फोन, एसएमएस. या सगळ्या परीक्षांत मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते! शिवाय मानक ऐच्छिक ठेवलं गेलं. मे 2024 मध्ये खात्याने मोठ्या कंपन्यांना बोलावून ते सक्तीचं करण्याची चर्चा केली, तेव्हा वर्तमानपत्रात वाचून बरं वाटलं होतं. त्याच वर्षीच्या दिवाळीत माझ्या खोक्यात ते कार्ड निघालं.

आता एक विसंगती पाहा. जानेवारी 2023 मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रसिद्ध लोकांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कौतुक करत असाल तर ती जाहिरात आहे हे ठळक सांगा, असं त्यांत बजावलं आहे. एखाद्या नटीने क्रीमचं कौतुक केलं तर तिने 'जाहिरात' असं लिहायचं. खरं तर नटीला पैसे मिळाले असणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला मिळाले असतील हे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणजे जिथे लोक आधीच सावध आहेत तिथे पाटी लावली, आणि जिथे विश्वासाने माना डोलावतात तिथे काहीच नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्याला 10 लाखांपर्यंत दंड करता येतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्याला वर्षभर शिफारशी बंद. मला ती वर्षाची बंदी घाला, माझी हरकत नाही. पण कार्ड छापणाऱ्याचं काय?

बाहेर हा प्रश्न नेमका कार्डावरूनच धरला आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू झाला. अमुक कौतुक किंवा अमुक निंदा केलीस तरच पैसे, अशी अट घालून रिव्ह्यू मिळवणं त्यात बेकायदा आहे. लिहिणारा खरा ग्राहक होता, ही सबब तिथे चालत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल 2025 पासून मोबदला लपवून लिहिलेल्या रिव्ह्यूंवर बंदी आहे आणि ते छापणाऱ्या संकेतस्थळावरही ते रोखण्याची जबाबदारी आहे. दंड जागतिक उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे 2022 मध्ये आपण प्रमाणित नसलेले प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल दोन मोठ्या ऑनलाइन दुकानांना प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला होता. एका दुकानावरून 2,265 कुकर विकले गेले होते, दुसऱ्यावरून 598. विकलेले कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे द्यायलाही सांगितलं होतं. म्हणजे दुकान चालवणाऱ्याला 'मी फक्त जागा दिली' म्हणून हात झटकता येत नाहीत, हे आपण एकदा ठरवलेलं आहे. कुकरला जो न्याय लावला तो कुकरच्या ताऱ्यांनाही लावता येईल.

लोक मला म्हणतात, थोडं नीट वाचलं तर खोटा रिव्ह्यू ओळखू येतो. मला तसं वाटत नाही, आणि त्याला पुरावा आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी शिकागोच्या 20 हॉटेलांचे 400 खरे रिव्ह्यू घेतले आणि तितकेच पैसे देऊन खोटे लिहून घेतले. ओळखायला बसवलेल्या माणसांचा अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसा सरस ठरला नाही. संगणकाने मात्र दहातले जवळपास नऊ बरोबर ओळखले. त्याला जे दिसलं ते वाचताना मला घाम फुटला. खरे लिहिणारे खोली केवढी, न्हाणीघर कसं, हॉटेल कुठे आहे हे सांगत होते. खोटे लिहिणारे आपण कशासाठी आलो, सोबत कोण होतं, नवरा किती खूश झाला हे सांगत होते. जे पाहिलंच नाही त्याची मापं कुठून देणार? म्हणून माणूस नातेवाईक पुढे करतो. मी सासूबाईंना पुढे केलं.

तेव्हापासून मी वाचायची पद्धत बदलली आहे. पाच स्टारवाले वाचतच नाही. एक स्टारवाले वाचते, पण त्यातले निम्मे पार्सल उशिरा आल्याबद्दल कुरियरवर चिडलेले असतात. तीन स्टारवाला माणूस कामाचा. त्याला ना पैसे मिळालेले असतात ना त्याचा राग अनावर झालेला असतो. 'भांड्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबावं लागतं, आवाज मोठा आहे, पण इडलीचं पीठ छान होतं' असं लिहिणाऱ्याने इडलीचं पीठ खरंच वाटलेलं असतं. आणि तारखा बघते. महिनाभर सामसूम आणि मग दोन दिवसांत साठ जणांना एकदम मिक्सर आवडला, तर तिथून उठायचं. रिव्ह्यू त्याच वस्तूचे आहेत ना हेही बघावं लागतं. जुन्या, चांगल्या खपाच्या वस्तूच्या पानावर नवीनच वस्तू आणून बसवायची आणि आधीचे तारे वापरायचे, अशीही हातचलाखी असते. अमेरिकेत 2023 मध्ये व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीला यासाठी 6 लाख डॉलर भरावे लागले.

पण एवढं करूनही एक गोष्ट हाती लागत नाही, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. मिक्सर किती दिवस टिकेल? रिव्ह्यू मागतात पार्सल आल्यावर चार-पाच दिवसांत. तोवर मिक्सर नवा आहे, खोक्याचा वास गेलेला नाही. लग्नानंतर पाचव्या दिवशी सुनेबद्दल विचारल्यासारखं आहे ते. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 2016 मध्ये 120 प्रकारच्या 1,272 वस्तूंचे ग्राहकांनी दिलेले तारे 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या संस्थेने प्रयोगशाळेत तपासून दिलेल्या गुणांशी ताडून पाहिले. दोन्हींचा मेळ फारच कमी बसला. तिथे कुणी खोटं बोलत होतं असं म्हणायची गरज नाही. खरं बोलणारा ग्राहकही जे त्याला कळलेलं नाही ते सांगू शकत नाही. वाइंडिंग तांब्याचं की अ‍ॅल्युमिनियमचं हे मला तरी कुठे कळलं होतं?

पूर्वी हे कळायची एक सोय होती. बाजारातला दुकानदार सज्जन असे असं मी म्हणत नाही. ज्या कंपनीकडून कमिशन जास्त तीच वस्तू तो पुढे सरकवी. पण तो उद्याही तिथेच बसलेला असे. आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, तेव्हा शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र घेऊ लागली. माझी मावशी दादरला अशा संघात होती. डाळीत खडे निघाले तर ते दहा घरांत एकाच दिवशी निघत, आणि दहा जणी एकदम बोलत. तिथे दोनशे रुपये देऊन गप्प कुणाकुणाला करणार?

आता दुसरी बाजू, नाहीतर आपण म्हणाल बाई एकांगी लिहिते. माझ्या भाच्याचं गुहागरला चार खोल्यांचं होमस्टे आहे. पहिल्या वर्षात अकरा रिव्ह्यू आले, सगळे पाच स्टार, सगळे खरे. मग एक कुटुंब आलं. चौघांचं बुकिंग, आले सात. वर म्हणाले, एसीची खोलीही ह्याच पैशांत द्या, नाहीतर रिव्ह्यू काय लिहायचा ते आम्हाला माहीत आहे. भाच्याने गाद्या दिल्या, एसी दिला नाही. निघताना एक स्टार. बाराव्या रिव्ह्यूने पाचाचे 4.7 झाले. 4.9 दिसायला किती लागतील याचा हिशोब त्याने मला करायला लावला: ओळीने पंधरा जणांनी पाच स्टार द्यायला हवेत, मध्ये एकही न चुकता. खूश होऊन जाणाऱ्या पाहुण्यांपैकी लिहितो दहातला एखादा. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने कुणी फिरकत नाही. दोन हंगाम गेले असते. भाच्याने काय केलं? काजूची पाकिटं. निघताना प्रत्येक पाहुण्याच्या हातात पाव किलो काजू, आणि "जमलं तर पाच स्टार टाका."

मी त्याला रागावले. तो म्हणाला, "मावशी, तू दोनशे रुपये घेतलेस, मी काजू दिले. तू मला काय सांगतेस?" उत्तर नव्हतं. हार्वर्डच्या एका अभ्यासात असं दिसलं आहे की खानावळीचा एक तारा वाढला की तिची कमाई 5 ते 9 टक्के वाढते. अभ्यास सिएटल शहराचा होता, पण गुहागरच्या माणसाला हे आकडे न वाचताच ठाऊक असतात. ताऱ्यांवर पोट चालतं म्हटल्यावर प्रामाणिक माणूसही काजू वाटतो.

आणि या बाजारात सगळ्यांत खाली कोण आहे तेही सांगते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला नोकरी नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: घरबसल्या काम, नकाशावर हॉटेलांना पाच स्टार द्यायचे, एका रिव्ह्यूचे पन्नास रुपये. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच खात्यात आले. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर घेतलं, मोठं काम हवं असेल तर आधी पैसे भरा म्हणाले, भरलेले वाढून परत मिळतील. त्याने वडिलांच्या भातशेतीचे नव्वद हजार भरले. ते गेले. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तोवर पैसे पुढे सरकले होते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा अर्धवेळ कामाच्या आमिषाच्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या होत्या. ज्या हॉटेलांना त्याने तारे दिले ती त्याने कधी पाहिली नाहीत. ते तारे अजून तिथेच चमकत असतील. गूगल म्हणतं, 2024 मध्ये त्यांनी नकाशावरचे 24 कोटींहून अधिक नियमबाह्य रिव्ह्यू अडवले किंवा काढले. काढले ते चांगलंच झालं, पण एवढे तयार कोण करतं हे त्या आकड्यातून दिसत नाही. दिसलं असतं तर त्यात माझा विद्यार्थीही दिसला असता, आणि मीही.

म्हणून माझं मागणं लिहिणाऱ्याची ओळख आणखी घट्ट तपासण्याचं नाही. आधार कार्ड मागाल, तर मी आधार कार्ड देऊन खोटं लिहीन. मागणं असं आहे की खोक्यातलं कार्ड हाच गुन्हा धरा. ते सापडणं अवघड नाही, ते हजारो घरांत आज टेबलावर पडलेलं आहे. ग्राहकाने 1915 या हेल्पलाइनवर त्याचा फोटो पाठवला की त्या वस्तूचे तारे चौकशी होईपर्यंत झाकून ठेवायला दुकानाला भाग पाडा. दोनशे रुपयांच्या लालचीपेक्षा ही भीती मोठी ठरेल. प्रत्येक रिव्ह्यूपुढे तो खरेदीनंतर कितव्या दिवशी लिहिला ते छापायला लावा, आणि सहा महिन्यांनी त्याच ग्राहकाला पुन्हा विचारायला लावा. विकताना रोज तीन निरोप पाठवणाऱ्यांना हा एक निरोप जड जाणार नाही. आलेल्यांपैकी किती रिव्ह्यू छापले नाहीत, तो आकडाही ताऱ्यांच्या शेजारी हवा. अमेरिकेत कपड्यांच्या एका ऑनलाइन दुकानाने चारपेक्षा कमी तारे असलेले रिव्ह्यू वर्षानुवर्षं छापलेच नव्हते, आणि 2022 मध्ये त्याला 42 लाख डॉलर भरावे लागले. आणि भाच्यासारख्या लहान माणसासाठी, एक स्टारची धमकी देऊन फुकट मागणाऱ्या पाहुण्याची तक्रार ऐकणारा कुणी तरी हवा. आज त्याला यंत्राकडून उत्तर येतं.

माझ्यापुरतं जे करायचं ते मी केलं. मे महिन्यात रिव्ह्यू बदलला. एक स्टार, आणि लिहिलं: "सहा महिन्यांत जळला. वाइंडिंग अ‍ॅल्युमिनियमचं. आधीचा रिव्ह्यू मी दोनशे रुपये घेऊन लिहिला होता." दोन दिवसांनी कळवण्यात आलं की हा मजकूर त्यांच्या धोरणात बसत नसल्याने छापता येणार नाही. जुना पाच स्टारचा मात्र बसतो. तो अजून तिथे आहे, सासूबाईंसकट. दोनशे रुपये परत करावेत म्हणून कार्डावरच्या नंबरवर फोन केला, तो बंद आहे. म्हणून ते समोरच्या वहिनींना द्यायला गेले. त्यांनी घेतले नाहीत, चहा दिला.

कळावे.

आपली,
चिपळूणची एक ग्राहक

सोबत: 1) कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स. 2) न छापलेला रिव्ह्यू. 3) दोनशे रुपये जमा झाल्याची बँकेची नोंद.